मावशीची लांब प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत मावशी प्रार्थनेला उभी राहिली की जाणती माणसं आधी पायांवरचं वजन नीट सावरून घेत. पाहुण्यांना हे कळत नसे. ते बिचारे जसे उभे असतील तसे डोळे मिटत आणि अर्ध्या वाटेतच त्यांच्या पायांना मुंग्या येत. प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नाहीत, जागचं हलायचं नाही, मध्ये बोलायचं तर नाहीच, असा आमच्याकडचा रिवाज. मावशीचं सगळं राज्य या रिवाजावर चालत असे.

ती अख्ख्या गावाची मावशी. नवापूर तालुक्यातलं आमचं गाव गुजरातच्या हद्दीला टेकलेलं. नवरा लवकर गेल्यावर तिने भाताचा तुकडा, दोन बैल आणि एक भांडखोर दीर असं सगळं एकटीने सांभाळलं. घरात, शेतात आणि कोंबड्यांशी ती आमच्या मावची बोलीत बोले, देवाशी मात्र शाळेतल्या मराठीत. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. "देवाला मावची येते गं," ती म्हणाली, "पण पाळक नाशिककडचे आहेत. त्यांनाही समजायला नको का?"

खरं म्हणजे तिला प्रवचन करायचं होतं. लहान मुलीला जत्रेतल्या पाळण्यात बसायचं असतं तितकं सरळ आणि तितकंच जोरात. पण आमच्या चर्चमध्ये बायकांनी झाडायचं, गायचं, सणाला भात रांधायचा आणि सांगितलं तर प्रार्थना करायची. वर उभं राहून वचन सांगायचं काम पुरुषांचं. मंडळीचे मुख्य कारभारी यशवंतकाका, म्हणजे तोच तिचा भांडखोर दीर. त्यांनी तिला सांगितलं की बायकांनी उपदेश करू नये असं शास्त्रातच आहे. प्रार्थना करू नये असं आहे का, असं तिने विचारलं. काका म्हणाले, तसं काही नाही. "बरं," मावशी म्हणाली. त्या एका 'बरं'ने मंडळीच्या पुढच्या कित्येक रविवारांचं जेवण गार झालं.

तिच्या प्रार्थनेत काय नसे? हातपंप बिघडला आणि सरपंच फोन उचलत नाही, हे आधी देवाला कळे आणि मग तिथेच डोळे मिटून उभ्या असलेल्या सरपंचाला. नाताळच्या जेवणानंतर पोरांनी थर्माकोलच्या प्लेटा नाल्यात लोटल्या, तर पुढच्या रविवारी तिने त्या नाल्यातल्या खेकड्यांसाठी नावानिशी नसली तरी जातीनिशी प्रार्थना केली. पुढच्या नाताळात पळसाच्या पत्रावळी आल्या. एकदा म्हणाली, "प्रभू, खिडकीजवळ उभ्या असलेल्या तुझ्या लेकराचा हात आवर. त्याची बायको चुलीने भाजलं म्हणून सांगते, पण तू त्या घरात होतास." सगळ्या पुरुषांनी एकेक डोळा किलकिला करून खिडकीकडे बघितलं. त्या माणसाला ना उत्तर देता आलं, ना निघून जाता आलं. बायका जास्तच घट्ट डोळे मिटून उभ्या होत्या, आणि त्यांच्यातल्या निदान निम्म्या तरी हसत होत्या.

मग मोहाचं प्रकरण झालं. चर्चच्या आवारात मोहाचं जुनं झाड आहे. फुलं गळायच्या दिवसांत पहाटे टोपल्या घेऊन बायका तिथे जमतात, पावसाच्या तोंडावर बिया गोळा करून तेल काढतात. घरात कुणाला न विचारता बाईला जे काही हातात घेता येतं, त्यातलं बरंचसं या झाडाखाली पडलेलं असतं. तिथे मोठा हॉल बांधायचा, पुढे रंगीत फरशा बसवायच्या, असं कमिटीने ठरवलं. कमिटीत बाई एकही नव्हती. झाड तोडायला यशवंतकाकांनी एक धार्मिक कारणही शोधलं. मोहाची दारू होते, आणि ख्रिस्ती माणसांनी दारूचं झाड देवाच्या दारात का ठेवावं?

ठरल्या दिवशी खांडबाऱ्याहून झाड कापायचं मशीन घेऊन मशीनवाला आला. भला माणूस, आपल्या कामाशी काम ठेवणारा. पाळक चिंचपाड्याला आजारी माणसाला भेटायला गेले होते. आमच्याकडे विहीर खणायची असो की नवी मोटारसायकल आणलेली असो, प्रार्थना केल्याशिवाय सुरुवात होत नाही. काका घसा खाकरत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "प्रार्थना करू या." आवाज ओळखेपर्यंत काकांची मान सवयीने खाली गेली होती. मशीनवाल्यानेही टोपी काढून हात जोडले.

मावशीने झाडापासून सुरुवात केली आणि थेट एदेन बागेत गेली. "प्रभू, पहिल्यापासून हेच चाललंय. दोष बाईला, दोष झाडाला. खाणारा म्हणतो, मी काय केलं? फुलं तू दिलीस. ती सडवून भट्टी लावणारे कोण, त्यांच्याकडे संध्याकाळी कोण जातं, आणि त्यात कमिटीतल्या कुणाची पोरं असतात, हे मी सांगायला नको." काकांचे कान लाल झाले. मग तिने बायकांच्या टोपल्या, तेल, उन्हाळ्यातली सावली, झाडावरचे पोपट असं एकेक देवाच्या हवाली केलं. शेवटी आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "आणि या मशीनवाल्या भावाला सांभाळ. मोह तोडायची सरकारी परवानगी अजून काढलेली नाही, हे या गरिबाला कुणी सांगितलं नसेल."

आमेन व्हायच्या आधीच मशीनवाल्याचे डोळे उघडले. "काका, परवानगी शे का?" त्याने विचारलं. "कागद दखाडा, मंग मशीन चालू करस. मन्ही मशीन जप्त व्हई तं?" काकांकडे कागद नव्हता. मशीनवाला मशीन पोत्यात गुंडाळून निघाला, आणि जाताना मावशीला वाकून नमस्कार करून गेला.

काका पुढे बरेच दिवस वहिनीशी बोलले नाहीत. पण हॉलचा नकाशा बदलला, एक कोपरा आत घेतला गेला. हॉलवर पत्रे पडले आणि पहिल्याच मे महिन्यात आत बसणं म्हणजे भट्टीत बसणं झालं. उपासना मोहाखाली सुरू झाली, आणि सगळ्यांत दाट सावलीत खुर्ची कुणाची, तर यशवंतकाकांची. मावशीने यावर चकार शब्द काढला नाही. मला वाटतं, तिच्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा संयम असावा.

त्यानंतरचा महिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये बायकांचा मानला जाणारा रविवार, जवळ आला तेव्हा काका आपणहून तिच्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, यंदा वचन तुम्हीच सांगा." मी तेव्हा नंदुरबारला शाळेत शिकवायला लागले होते, सुट्टीला घरी आले होते. मी थक्क झाले. काकांनी मला बाजूला घेऊन कारण सांगितलं: प्रवचनाला घड्याळ दाखवता येतं, प्रार्थनेला येत नाही. पण ते सांगताना त्यांचं लक्ष मावशीच्या सुजलेल्या पायांकडे होतं. तिला आता फार वेळ उभं राहवत नव्हतं, हे घरच्या माणसाला दिसत होतं.

त्या रविवारी मावशी धुवट पांढरं लुगडं नेसून आली. पुढे उभी राहिली, दोन्ही हातांनी टेबल धरलं, आणि म्हणाली, "बाया-माणसांनो." तिचा आवाज कानावर पडताच अख्ख्या मंडळीने माना खाली घातल्या आणि डोळे मिटले. काकांनीही, मीही. बाहेर कोंबडा आरवला.

"डोळे उघडा," ती म्हणाली. "देवाशी बोलून झालंय माझं. आज तुमच्याशी बोलायचंय."

आम्ही डोळे उघडले. ती थोडंच बोलली, काकांना घड्याळ दाखवावं लागलं नाही. ती काय बोलली हे मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तिच्याकडे बघतच राहिले. मंडळीसमोर बोलताना तिचे हात किती हलतात, रागाचं बोलताना ती किती हसरी दिसते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतरच्या पावसाळ्यात ती गेली. मला तिची फार आठवण येते. तिचं म्हणणं मी लहानपणापासून मिटल्या डोळ्यांनी ऐकत आले, पण बोलणारी मावशी मी फक्त त्या एका रविवारी पाहिली.