दादाची दीर्घिका, माझं नाव

वहिनीचा फोन आला, "दादा गेले..." आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता ती दुरुस्ती राहिलीच.

कोहमाऱ्याला माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दादा, माझा मोठा भाऊ, नवेगाव बांधला धान पिकवायचा. दर इतवारी बसने यायचा आणि दुकानातली कॉम्प्युटरसमोरची एकमेव बरी खुर्ची अडवायचा. दुर्बिणींनी टिपलेली चित्रं साध्या लोकांनी पाहून त्यातल्या दीर्घिका, म्हणजे दूरच्या आकाशगंगा, वेगळ्या काढायच्या, अशी शास्त्रज्ञांची एक वेबसाइट त्याला सापडली होती. पासवर्ड त्याच्या लक्षात राहत नसे, म्हणून खातं मी माझ्याच नावाने उघडून दिलं. गिऱ्हाईक ताटकळायचं, मी ओरडायचे, तो म्हणायचा, "थांब ना वं, पाहून राहिलो." चहा गरम राहावा म्हणून त्यावर बशी झाकायचा आणि चहाच विसरायचा.

एकदा एका पुसट ठिपक्यापाशी तो अडलाच.

"धब्बा आहे दादा, पुढे जा."

"धब्बा नाही वं. मधात सरळ पाट आहे पाह्य, अन् दोन्ही टोकाले पाणी वळून राहिलं."

ते त्याने मला इंग्रजीत लिहायला लावलं. शास्त्रज्ञांनी मोठ्या दुर्बिणीतून तपासलं. खरंच दीर्घिका निघाली. मधोमध ताऱ्यांचा दांडा, टोकांपासून वळलेले दोन हात. आणि इतकी दूर, की तिचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती. त्यांनी लेखात शोधाबद्दल आभार छापले. माझे!

"दादा, आत्ताच दुरुस्ती पाठवू."

"काऊन घाई करून राहिली? घरचंच तं नाव आहे. पाठवू पुढच्या इतवारी."

धानाच्या बांधीत पाणी सोडायचं असलं की हा माणूस जेवायलाही थांबत नसे. इथे मात्र इतवारामागून इतवार गेले... तेरवीला तर कहर झाला. पंगतीतले लोक मलाच विचारत, "ताई, ते तारे तुम्ही शोधले म्हणे?" भात वाढता वाढता मी प्रत्येकाला सांगत होते, "मी नाही! हार घातलेला फोटो दिसतो ना, त्यानं!"

दुसऱ्याच दिवशी मी शास्त्रज्ञांना लिहिलं, की शोध माझ्या भावाचा आहे. उत्तर नम्र होतं : नाव जरूर बदलू, फक्त भावाने स्वतः होकार कळवावा. एका ओळीचं काम होतं, दादा! मग मलाच लिहावं लागलं, की ते आता नाहीत, नाव मात्र पूर्ण छापा.

परवा ते छापून आलं. मी त्याच खुर्चीत बसून पान उघडलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, सातबारा काढून देता का?"

"थांबा ना, पाहून राहिले."

बऱ्याच वेळाने चहाची आठवण झाली. त्यावर बशी होती. मीच झाकली असणार.