बापाच्या हातचं मत

रेडिओ गप्प झाला तसा माझा हात थांबला.

खाली, मला न दिसणाऱ्या खड्ड्यात, माझ्या हुकाला जनरेटर लटकत होता. वर केबिनमध्ये मी आणि माझा थर्मास. बाहेर सगळं पांढरं. मे महिन्यात दोह्याला असं होतं. बारीक धूळ हवेत चढते, समुद्र आणि आभाळ एकमेकांत मिसळतात, वेस्ट बेचे टॉवर कमरेपासून वर तेवढे उरतात. आजूबाजूच्या क्रेन त्या पांढऱ्यात हळूहळू फिरायच्या, पाण्याखाली काहीतरी चालल्यासारख्या. असल्या वेळी माणसाला आपण कुठे आहोत ते विसरायला होतं. मला झालं नाही, कारण माझा हात लिव्हरवर होता.

साल दोन हजार पाच. मी टॉवर क्रेन चालवायचो. शिक्षण चौथी, दाभोळच्या खाडीकाठची मराठी शाळा. इंग्रजी बोलायला शिकलो ते ऐकून ऐकून. वाचता आजही येत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

त्या दिवसाच्या कामाला ब्लाइंड लिफ्ट म्हणतात. म्हणजे ऑपरेटरला माल दिसत नसतो. बिल्डिंगच्या मागे खड्डा, खड्ड्यात चार फिटर, आणि वरून जनरेटर सोडायचा. खड्ड्याच्या कडेला एक माणूस उभा राहतो आणि रेडिओवर बोलतो. माल खाली चालला असेल तर तो डाउन, डाउन, डाउन म्हणतच राहतो, तस्बीहचे मणी ओढल्यासारखा. ते म्हणणं थांबलं की ऑपरेटरनं थांबायचं. अंदाज करायचा नाही. आणि आवाज एकाच माणसाचा ऐकायचा. दुसरा कितीही मोठा असला तरी त्याचा नाही.

आमच्या साइटवर तो आवाज रॉनचा.

रॉन लिफ्टिंग सुपरवायझर. इंग्लंडच्या उत्तरेकडचा, कोळशाच्या खाणीच्या गावचा. मान जाड, तोंड उन्हानं लाल, आवाज असा की रेडिओ नसता तरी चाललं असतं. बाप खाणीत, आजा खाणीत, रॉनसुद्धा मिसरूड फुटायच्या आत खाणीत गेला. मग खाणी बंद पडल्या. तो क्रेनचं काम शिकला, देशोदेशी फिरला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं घर घेतलं.

प्रोजेक्ट मॅनेजर होते ज्युलियन साहेब. देश एकच, पण दोघांचं बोलणं ऐकलं असतंत तर दोन देश वाटले असते. साहेबांच्या घरी पिढीजात जमीन आणि कुळं. बोलणं हळू, प्रत्येक वाक्याला प्लीज. रागावले तरी प्लीज.

दुपारी रॉन डबा उघडायचा आणि म्हणायचा, डिनर. साहेब त्याच वेळेला म्हणायचे, लंच. पुष्कळ दिवस मला वाटायचं, रॉनला इंग्रजी कमी येतं. मग त्यानंच सांगितलं की त्यांच्यात कामगाराच्या घरी दुपारचं जेवण म्हणजे डिनर, साहेबाच्या घरी लंच. म्हणजे तिथं माणसानं तोंड उघडलं की कळलं. आपल्याकडे निदान आडनाव विचारावं लागतं.

त्या वर्षी त्यांच्याकडे निवडणूक आली. तिकडे दोन मोठे पक्ष. आपल्या पेपरात एकाला मजूर पक्ष म्हणतात आणि दुसऱ्याला हुजूर पक्ष. मी मनाशी ठरवून टाकलं की रॉन मजूर, साहेब हुजूर, सरळ गोष्ट आहे. एकदा दोघं माझ्यासमोर होते म्हणून विचारलं, तर उलटंच निघालं. साहेबांचं मत मजूर पक्षाला. म्हणाले, रॉनसारख्या कष्टाच्या माणसांना चार गोष्टी मिळाव्यात म्हणून. रॉननं तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस, हसन? त्याला माझी काळजी आहे. त्याच्या आज्यानं माझ्या आज्याची केली असती तर उपयोग झाला असता."

साहेब हसले, पण कान लाल झाले. रॉनचं म्हणणं असं की मी राबलो, कुणापुढे हात पसरला नाही, आणि माझं आहे ते माझ्याकडे राहू देतो तो माझा पक्ष. म्हणून त्याचं मत हुजूरला. या एका गोष्टीवरून बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

बाप वाइंडर होता. खाणीच्या तोंडावर इंजिनघरात बसून माणसांचा पिंजरा खाली सोडतो आणि वर ओढतो, तो वाइंडर. त्याला पिंजऱ्यातली माणसं दिसत नाहीत. घंटा वाजते. इतक्या घंटा म्हणजे वर, इतक्या म्हणजे खाली, इतक्या म्हणजे आत कोळसा नाही, माणसं आहेत, जपून. घंटेप्रमाणे हात चालवायचा.

मी म्हटलं, "म्हणजे माझाच धंदा."

"तुझाच. फक्त तो नीट करायचा," रॉन म्हणाला.

बाप जन्मभर मजूर पक्षाचा. नुसतं मत देण्यापुरता नाही, घरच्या भिंतीला रंग असावा तसा. रॉननं पहिल्यांदा हुजूरला मत दिलं आणि जेवताना सांगून टाकलं. बाप ताट सोडून उठला. म्हणाला, या छपराखाली ते मत नको. तेव्हापासून फोन आई घ्यायची. बाप त्याच खोलीत बसलेला असायचा आणि आई सांगायची, तुझे वडील बरे आहेत. आदल्या हिवाळ्यात आई गेली. दफन करताना बापलेक शेजारी शेजारी उभे होते, टोप्या हातात घेऊन. संपल्यावर एक या रस्त्यानं गेला, एक त्या. ते सांगताना रॉन डब्याचं झाकण लावायचा, उघडायचा, पुन्हा लावायचा.

आता मताची गोष्ट. परदेशात राहणाऱ्या त्यांच्या माणसाला मत देता येतं. आम्हाला त्या काळी येत नव्हतं, माझं मत गावात नुसतं पडून होतं. त्यांची रीत अशी की आपल्या जागी एक माणूस नेमायचा. तो केंद्रावर जातो, आपल्या नावाची चिठ्ठी घेतो, पेन्सिलीनं फुली मारतो आणि पेटीत टाकतो. त्याला प्रॉक्सी म्हणतात. रॉनचा प्रॉक्सी आजवर आई होती. खाणकामगाराची बायको जाऊन लेकासाठी हुजूरला फुली मारून यायची आणि घरी येऊन चहा ठेवायची. आता कुणाला नेमायचं? साहेब म्हणाले, पक्षाच्या ऑफिसला कळव, ते एखादा माणूस देतील. रॉनला परका माणूस नको होता.

मी म्हटलं, "बापाला सांग."

तो हसला. मी हसलो नाही. आमच्यात निकाहाला वकील लागतो. कोर्टातला नव्हे, आपल्या वतीनं बोलणारा. माझ्या धाकट्या भावाचा निकाह झाला तेव्हा तो सौदीत होता, सुट्टी मिळाली नाही. त्याच्या जागी आमचे अब्बा बसले आणि कबूल म्हणाले. मुलगी अब्बांच्या फारशी मनात नव्हती. तरी भर जमातीत स्पष्ट आवाजात म्हणाले. तोंड त्यांचं होतं, पण बोल लेकाचा होता. हे सगळं मी रॉनला सांगितलं आणि वर म्हटलं की बाप जिवंत असताना दुसरा वकील शोधणं हा बापाचा अपमान.

"तुला कळत नाही, हसन. आमच्यात त्याला हे सांगणं हाच अपमान आहे."

असेल. पण मी एकदा बोललो की मागे घेत नाही. रोज डिनरला तोच विषय. शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून, का आणखी कशासाठी, त्यानं बापाचं नाव टाकून कागद पाठवले. सोबत दोन ओळी: माझा प्रॉक्सी तुम्ही आहात, मत कुठे जायचं ते तुम्हाला माहीत आहे. बापाकडून उत्तर आलं नाही.

पेटीत पडलेली फुली कुणी कुठे मारली हे कुणालाच कळत नसतं. बापानं दोन्ही मतं आपल्या पक्षाला टाकली असती तरी रॉनला पत्ता लागला नसता. मी तसं म्हणून दाखवलं. रॉननं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"मत जाऊ दे खड्ड्यात. तो माझ्यासाठी घरातून उठला का नाही, एवढं मला कळलं पाहिजे."

आणि नेमका त्यांच्या मतदानाच्या दिवशी आमचा जनरेटर आला. त्यांच्याकडे सकाळ होते तेव्हा आपल्या दोह्यात ऊन चांगलं वर आलेलं असतं. माल निम्मा खाली गेला होता. डाउन, डाउन, डाउन. मग नाही.

मी थांबलो. दोनदा रॉन म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मग साहेबांचा आवाज आला.

"हसन, प्लीज कंटिन्यू. मी इथे कडेलाच आहे. सगळं क्लिअर आहे."

"रॉन कुठे आहे, साहेब?"

"फोनवर आहे. ट्रेलर खोळंबलेत. कंटिन्यू, प्लीज."

"रॉनला बोलू दे."

"हसन, प्रोजेक्ट मॅनेजर मी आहे."

"माहीत आहे, साहेब. पण आजची लिफ्ट रॉनच्या आवाजावर आहे. तो बोलेपर्यंत माल हलणार नाही."

रेडिओ नुसता खरखरला. मग साहेब म्हणाले, "ठीक आहे." या वेळी प्लीज नव्हतं.

मी तसाच बसलो. केबिन वाऱ्यानं झुलत होती, खाडीत नांगरलेल्या होडीसारखी. रॉन फोनवर आहे म्हटल्यावर मला कळायचं ते कळलं होतं. पांढऱ्या काचेतून बघता बघता मला ते गाव दिसायला लागलं, मी कधी न पाहिलेलं. थंडी, ओल्या विटांची घरं, आणि एक म्हातारा टोपी घालून घरातून निघालाय. मी त्याला अब्बांची चाल दिली, दुसरी मला ठाऊक नव्हती. तो कुणाशी न बोलता चालतोय, वाटेत माणसं त्याला मान लववतायत, आणि तो कशासाठी चाललाय हे त्यांना माहीत नाही. तो दारात शिरला की नाही ते धुळीत दिसेना. मी काचेला हात लावला, तर ती गरम होती. हुकाला लटकलेलं वजन मला मनगटात जाणवत होतं. तो म्हातारा असाच बसत असेल, पिंजरा मध्यावर, घंटेची वाट बघत.

"हसन." रॉनचा आवाज जड होता, सर्दी झाल्यासारखा. "डाउन. डाउन. डाउन."

नेहमीपेक्षा सावकाश म्हणत होता. मीही सावकाश सोडला. जनरेटर जागेवर बसला, स्लिंगचे पट्टे सुटले, खालून फिटर ओरडले, खलास, म्हणजे काम झालं.

मी उतरून साइट ऑफिसात आलो तेव्हा दोघं समोरासमोर उभे होते. लिफ्ट चालू असताना फोन घेणं हा मोठा गुन्हा. तो नियम आम्हाला रॉननंच ओरडून ओरडून शिकवलेला.

साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये मी रेडिओची बॅटरी गेली असं लिहितो."

"बॅटरी चांगली होती," रॉन म्हणाला. "फोन वाजला, मी घेतला. तसं लिही."

"वॉर्निंग मिळेल तुला."

"मिळू दे. कुणाच्या मेहेरबानीवर मी आजवर राहिलेलो नाही."

"मेहेरबानी नाही रे. तुझे वडील होते फोनवर."

"म्हणूनच," रॉन म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "त्यांच्या नावाला खोटं चिकटायला नको."

साहेबांनी खुर्ची ओढली. मग खाली बसून त्यांनी खरं तेच लिहिलं. मला वाटतं, ते दोघं त्या दिवशी पहिल्यांदा एका टेबलाशी बसले. माझ्याबद्दल साहेब एवढंच म्हणाले की हसन फार हट्टी आहे. मी शुक्रन म्हणून आभार मानले.

डिनरला रॉननं मला सांगितलं. बापानं आपलं नाव सांगितलं नाही, कसा आहेस विचारलं नाही. फोन उचलल्याबरोबर म्हणाला, केंद्राचं दार उघडताक्षणी आत गेलो, गर्दीच्या आधी. तुझं तू सांगितलंस तिथं मारलं, माझं माझ्या ठिकाणी. घरी येऊन साबणानं हात धुतले. दोनदा. मग फोन ठेवलाच नाही, तसाच धरून राहिला. रॉननंही ठेवला नाही. शेवटी बापानं विचारलं, तिकडे फार ऊन आहे का?

मी म्हटलं, "त्यानं खरंच हुजूरला मारलं असेल?"

रॉननं माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी क्रेनची किल्लीच हरवली होती.

"तो वाइंडर होता, हसन. घंटा कुणी वाजवली हे तो बघायचा नाही."

निवडणूक मजूर पक्षानं जिंकली. रॉनच्या गावात तर तोच पक्ष नेहमी येतो, त्यामुळे त्या मतानं काडीचा फरक पडला नाही. साहेबांनी ऑफिसात केक आणला. रॉननं दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, केक बेकरीचा आहे, पक्षाचा नाही. वॉर्निंग त्याला मिळाली. ती त्यानं घडी करून डब्यात ठेवली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, दरवर्षी थायलंडला जायचा तो, त्या वर्षी बापाकडे गेला. परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात? म्हणाला, राजकारणावरून भांडलो, रोज.

आता मी गावाला असतो. दुपारी ओटीवर डोळा लागतो, खाडीवर पांढरं ऊन पडलेलं असतं, आणि कधी कधी तो आवाज येतो, डाउन, डाउन. माझा हात पायजम्यावर आपोआप हलतो. नातवंडं हसतात.

नव्या ऑपरेटरांनी माझ्याकडून घ्यायचं ते एवढंच. ब्लाइंड लिफ्टला उभा राहणाऱ्या माणसाचा फोन आधी काढून घ्यावा. आणि बोलणं टाकलेल्या बापाचा फोन आला तर तो घ्यावा. दोन्ही एका वेळी जमत नाही. त्याची वॉर्निंग मिळते, ती घ्यावी.