औषधाला नेलेली बाटली

आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा औषध फुकट मिळायचं, पण बाटली आपली न्यावी लागायची. खोकल्याचं लाल औषध मोठ्या बरणीत कालवून ठेवलेलं असे. कंपाउंडर ते आपल्या बाटलीत ओतायचा, कागदाची पट्टी कातरीने दातेरी कापून बाटलीला बाहेरून चिकटवायचा आणि एका वेळेला एका दात्याएवढं पाजा म्हणायचा. बाटली नसली तर औषध नाही. तांब्या नेला, वाटी नेली, तर परत पाठवायचा. त्यामुळे काचेची बाटली कुणी फेकून देत नसे. उंच फळीवर दोन-तीन तरी धुऊन ठेवलेल्या असायच्याच.

आमच्या फळीवर मात्र त्या राहायच्या नाहीत. भंगारवाला सायकलवर यायचा आणि बाटल्यांच्या बदल्यात खजूर द्यायचा. माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, खजूर फार आवडायचा.

रांजणगावला कारखाने नवे उभे राहत होते, त्या वेळची ही गोष्ट. माझे मालक तिकडे कामाला लागले होते. कारेगावात खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. घरी आत्याबाई, मी आणि माझी लहान मुलगी. मुलगी नुकती बोलायला लागली होती. तिला खोकला लागला तो थांबेना. खाल्लेलं पोटात राहीना. खोकून खोकून डोळे लाल व्हायचे आणि मग ती रडायचीही नाही, नुसती माझ्याकडे बघायची.

आत्याबाईंनी वांग्यावर फवारायच्या औषधाची एक बाटली राखेने घासून मला दिली.

"चांगली दणकट हाय. ही ने."

मी वास घेतला. मला नुसता राखेचा वास आला. आम्ही सगळ्या त्या वांग्यांत दिवसभर असायचो, तो दुसरा वास आम्हाला कळायचाच बंद झाला होता.

कंपाउंडरने बूच काढलं, नाकाशी नेलं आणि बाटली लांब धरली.

"ए बाई, हे औषध पोरीला पाजायचंय का वांग्याला?"

मागची रांग हसली.

"घासून जात नसतं हे. फोड आन् खड्ड्यात पुरून टाक. दुसरी आण, मग देतो."

मुलगी माझ्या कडेवर खोकत होती. मी तशीच परत फिरले. लोक हसले त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. ही बाटली मी माझ्या हाताने आणली, त्यातून मी तिला पाजणार होते, एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी आत्याबाई चिडल्या. "आमचं आख्खं आयुष्य असल्या बाटल्यांतनं गोडंतेल आणण्यात गेलं. कुणी मेलं न्हाई. आता तूच बघ कुठनं आणायची ती."

कुठून आणायची ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यापासून तिसऱ्या घरात एक बाई राहायची. माझ्याहून मोठी, मी तिला आक्का म्हणायची. म्हणजे म्हणायची वेळ आली तरच. तिचा नवरा दारू प्यायचा. मोठ्याने शिव्या देत गल्लीतून यायचा. हळदीकुंकवाचं बोलावणं फिरताना तिच्या दारावरून पुढे जायचं. आमच्या घरात दारूला कुणी शिवलेलं नव्हतं आणि आत्याबाई ते येता-जाता सांगायच्या. हापशावर आक्का माझ्याशी बोलायची, मी "हं" म्हणून हंडा उचलायची. मी सगळ्यांशीच कमी बोलते, लहानपणापासून. पण तिच्याशी बोलत नव्हते ते नुसतं लाजून नव्हे.

मी मुलीला घेऊन तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"बाटलीला आलीस ना?" ती म्हणाली. "मागनं ये. समद्या मागनंच येत्यात."

मागच्या भिंतीला पेटीत गवत घालून तिने बाटल्या पालथ्या लावून ठेवल्या होत्या. धुण्याच्या सोड्यात उकळलेल्या, उन्हात वाळवलेल्या. प्रत्येकीला मक्याच्या बुरकुंडाचं, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचं बूच, फडकं गुंडाळून घट्ट केलेलं. तिने एक काढून माझ्या नाकाशी धरली.

"वास घे. पोरीचं औषध हाय, नीट बघून घे."

कसलाच वास नव्हता.

"भंगारवाला लई मागं लागतो. पर त्याला देत न्हाई मी. तो शिरूरला नेऊन घालतो आन् त्यात परत तीच दारू भरून येती. त्यापरीस तुमी न्या. औषध तरी जाऊ दे कुणाच्या पोटात."

मी मान हलवली. पदराखाली बाटली धरून मागच्या मागे घरी आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात गेले. बाटली चपटी होती आणि काचेतच इंग्रजी अक्षरं उठवलेली होती. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, ती मला वाचता येत नव्हती, पण वाचायची गरजच नव्हती. अशी बाटली कशाची असते ते पोराबाळांनाही कळतं. रांगेत मी ती पदराखालीच ठेवली. माझ्या मागे चार-पाच माणसं सोडून आक्का उभी होती. तिला ताप होता, गोळ्यांना आली होती. मला दिसली, तशी मी मान पुढे वळवली.

कंपाउंडरने बाटली उजेडात धरली.

"काल फवारणीची, आज ही. बाई, घरात तुमच्या चाललंय काय?"

रांगेतला एक जण म्हणाला, "मालक कारेगावला गेल्यापासनं पगार बरा दिसतोय."

सगळे हसले. ही आमची नव्हे, एवढे तीन शब्द बोलायचे होते. मग कुणाची, असं विचारलं असतं आणि मला आक्काकडे बोट करावं लागलं असतं. तिला सांभाळायला मी गप्प बसले असं लिहिता आलं असतं. पण तसं नव्हतं. माझ्याने बोलवलंच नाही. आणि आतून मी वाट बघत होते की तिनेच बोलावं, म्हणजे माझी सुटका होईल.

ती बोलली.

"ए भाऊ, ती माझ्या घरची बाटली हाय. तिच्या घरात कुणी शिवत सुदिक न्हाई. तिला कशाला बोलतूस?"

"तुझ्या घरची व्हय," कंपाउंडर म्हणाला. "तुझा तर कारखानाच हाय."

"हाय की. मालक रिकाम्या करत्यात, मी धुती. दोन पाळ्यांत चालतो."

रांग पुन्हा हसली, या वेळी तिच्याकडे बघून. तीही हसली. तापाने तिचे ओठ सुकले होते. आणि मला हलकं वाटलं. ते अजून आठवतं, इतकं बरं वाटलं होतं मला. कंपाउंडरने पट्टी चिकटवली, मी बाटली घेतली आणि तिच्या शेजारून बाहेर पडले, वर न बघता.

"बूच घट्ट बसव गं," ती मागून म्हणाली.

त्या औषधाने मुलीला उतार पडला. रात्रीची झोपायला लागली, भात मागायला लागली. आत्याबाईंनी बाटली बघितली, ओळखली आणि चुलीकडे वळल्या. मला दरवेळी ती दात्यांची पट्टी बघून पाजताना आक्का आठवायची. घर तिसरं होतं. जाऊन यायला कितीसा वेळ. मी गेले नाही. काय बोलायचं ते जुळवत बसायची आणि मग भाकरीची वेळ व्हायची.

औषध संपलं, खोकला थोडा उरला होता. पुन्हा तीच बाटली उकळून निघाले. वाटेने मी ठरवलं, या वेळी कुणी काही बोललं तर म्हणायचं, माझी आहे. बाकी काही समजावायचं नाही. नुसतं, माझी हाय. बांधाबांधाने जाताना ते दोन शब्द मी तोंडातल्या तोंडात म्हणत होते.

कंपाउंडरने बाटली लगेच ओळखली. "आली का कारखान्याची?"

"माझी हाय," मी म्हणाले.

तो बरणीतून ओतत होता. "काय?"

रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्या दिवशी आक्का तिथे नव्हती.

"काही नाही," मी म्हणाले.

पुढे दोन दिवसांनी ती हापशावर भेटली. आणखी बाया होत्या, आत्याबाईही होत्या. हापशाच्या धारेखाली हात धूत तिने विचारलं, "थांबला का गं खोकला?"

"थांबला," मी म्हणाले.

तिने हात पदराला पुसले आणि थोडी थांबली, माझं अजून काही बोलायचं राहिलंय असं वाटल्यासारखी. आत्याबाई बघत होत्या. मी हंडा उचलला आणि घराकडे निघाले.