सहा नावांच्या क्लबाची मी घेतलेली झडती

हे सांगू की नको, असं माझं वर्षभर चाललंय. पण चहा मागवलाच आहे तुम्ही, तर ऐका. माझ्यासारखा हुशार माणूस स्वतःहून तोंडघशी कसा पडतो, ते तरी कळेल.

मी माने. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार बघतो. स्वभाव संशयी. भाजीवालीनं आपणहून जादा कोथिंबीर दिली तर मी आधी काडी न् काडी उलटून बघतो. बायको म्हणते, "तुमाला देव पावला तरी त्याचं आधार कार्ड मागाल."

तर एक दिवस ईमेल आला. चेक देशातल्या एका लहानशा गावचा बास्केटबॉल क्लब. साधासुधा नाही, खेळाडूंना पगार देणारा. त्यांना वर्धापनदिनासाठी टॉवेल हवे होते, आणि टॉवेलवर क्लबाचा इतिहास, म्हणजे आजवरची सगळी नावं एकाखाली एक. छापून नाही, विणून.

असलं काम जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच होतं. आमचे आठ जॅकार्ड माग चार महिने झाकून ठेवलेले. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला होता. त्या मागांवर तीस वर्षं घालवलेले रफिकचाचा रोज यायचे, धूळ पुसायचे आणि घरी जायचे. ऑर्डर मिळाली तर माग आणि चाचा दोघं राहणार, नाहीतर दिवाळीआधी दोघं बाहेर. आमचे मालक नरसय्या शेठ ईमेल बघून खूश झाले.

मी मात्र इतिहास वाचायला घेतला आणि मनात पाल चुकचुकली. क्लब सुरू झाला गावच्या व्यायामशाळेच्या नावानं. मग सगळं सरकारजमा झालं, तर रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या नावानं. मग सरकारी हुकमानं आणखी एक नाव. ती राजवट गेली, कारखाना बुडाला, तर बिअर कंपनीचं नाव. मग एका बँकेचं. बँकही गेली, म्हणून आता गावाचं. मोजा तुम्हीच, सहा झाली.

"शेठ," मी म्हटलं, "ज्याची पाटी वरचेवर बदलते त्याला माल द्यायचा न्हाय, हे तुमीच शिकवलंय."

"आरं, ते दुकानदाराचं. ह्यो खेळाचा क्लब हाय की."

"आमच्या गल्लीतला कबड्डीचा संघ आजोबांच्या काळापासून एकाच तालमीच्या नावानं खेळतोय. ह्यांनी असं काय केलंय, सारखं नाव बदलायला?"

शेठ डोकं खाजवू लागले. संशयाचं तसंच असतं, एकदा पेरला की पाणी घालावं लागत नाही.

मग मी पत्रं लिहायला घेतली. दुसऱ्या नावाचा शिक्का पाठवा. बिअर कंपनीनं तुम्हाला का सोडलं, ते कळवा. व्यायामशाळा अजून उभी आहे काय, असल्यास दारासकट फोटो पाठवा. महिन्याभरात अकरा पत्रं. ते बिचारे प्रत्येक उत्तराखाली विचारायचे, टॉवेलचा नमुना कधी पाठवताय? नमुना मी पाठवला नाही. असल्या लोकांसाठी कोण सूत वाया घालवणार?

शेवटी त्यांनी सहा फोटो पाठवले, एकेका नावाचा एकेक संघ. मी छापून घेतले आणि भिंग घेऊन बसलो. पहिला फार जुना होता. पण पुढच्या पाचही फोटोंत डाव्या कडेला एकच माणूस. तेच सुपाएवढे कान. केस आधी काळे, मग करडे, मग नाहीतच. खेळाडू बदलले, हा बाबा जागचा हलला नाही.

"एकाच माणसाला सगळीकडं उभा केलाय," मी शेठना म्हटलं. "कसला क्लब अन् कसलं काय."

"मग त्याची केसं कशी गेली रं?"

"कॉम्प्युटरवर काय बी होतंय आता."

मी लगोलग कळवलं, तुमचे फोटो संशयास्पद आहेत. उत्तर एका ओळीचं आलं. आमचा माणूस तुमच्याकडे येत आहे.

आला तो तोच कानवाला. नाव यान, वय पंचाहत्तर, आणि उंची माझ्या खांद्याएवढी. बास्केटबॉलवाला आणि एवढा बुटका? माझी खात्रीच पटली. तरी म्हटलं, चोर पुराव्यानिशी धरावा. त्याला जवळच्या कॉलेजच्या मैदानावर नेलं. साक्षीला शेठ आणि रफिकचाचा. यानच्या हातात चेंडू दिला आणि म्हटलं, टाका.

त्यानं बारा वेळा टाकला. जाळीत एकदाही गेला नाही. एक चेंडू तर वॉचमनच्या डब्यावर जाऊन पडला. म्हातारा उन्हात घामाघूम झाला, तरी मजेत हसत होता.

"बघितलं?" मी शेठना म्हटलं. "म्हणं जन्म क्लबात काढला. लावा भंगारवाल्याला फोन."

रफिकचाचांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या हातातले फोटो घेतले, एकेक करून बघितले. मग म्हणाले, "मानेसाब, तुम कान कायकू देखरे? कंधा देखो ना. हर फोटू में इसके कंधे पो टॉवेल हय."

होता. पाचही फोटोंत होता. टॉवेलच्या धंद्यात केस पिकले माझे, आणि मी भिंग लावून कान बघत बसलो होतो.

यानला विचारलं. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे छान जमलं. तो कधी खेळलाच नव्हता. पंधराव्या वर्षापासून खेळाडूंचे टॉवेल धुवायचे, वाळवायचे, हातात द्यायचे, हेच त्याचं काम. तो आल्यापासून क्लबाचं नाव चारदा बदललं, आणि चारही वेळा त्यानं टॉवेलवरचं जुनं नाव उसवून नवं शिवलं होतं. हे मी चाचांना सांगितलं, तर त्यांनी त्याचा हातच धरला. मला फार लाज वाटली.

म्हटलं, "साहेब, एवढ्या लांब कशाला आलात? पत्रात लिहायचं होतं."

यान म्हणाला, "आमच्या कमिटीला तुमचाच संशय आला. अकरा पत्रं आली, नमुना एकही नाही. पत्रावर कंपनीचं एक नाव, वेबसाइटवर दुसरं. म्हणाले, यान, तुला टॉवेल कळतो, खरंच कारखाना आहे का बघून ये. आलो, तर गेटवर तिसरंच नाव."

खोटं काय होतं त्यात? गेटवर शेठच्या आजोबांचं नाव, वेबसाइटवर भावांच्या वाटणीनंतरचं, आणि परदेशी मालासाठी सूनबाईंच्या नावाची कंपनी. मी रोज त्याच गेटातून आत जातो.

कारखान्यात परतल्यावर चाचांनी मागावर झाकलेलं कापड काढलं. जुनी नक्षी चढवलेलीच होती, तिच्यावर हातभर टॉवेल विणून दाखवला. यानने तो गालाला लावला, बादलीत बुडवला, पिळला, पुन्हा गालाला लावला. ऑर्डर तिथंच पक्की झाली, आणि भंगारवाला परत आला नाही.

जाताना यानने एक कागद शेठच्या हातात दिला. शेठनी तो उलटसुलट करून बघितला आणि वाचायला माझ्याकडे दिला. मी मोठ्यानं वाचत गेलो. लिहिलं होतं, यापुढे पत्रं रफिक यांनीच लिहावीत, आधीच्या गृहस्थांनी लिहू नयेत.

आता चाचांना कुठलं येतंय इंग्रजी? ते मागावरून सांगतात, मी टेबलावर लिहितो आणि खाली नाव घालतो, रफिक. म्हणजे या सगळ्या व्यवहारात खोट्या नावानं वावरणारा माणूस आजमितीला एकटा मीच आहे.