लिंबाची दारू गाळायला कापूस नाही

मंडळी, आज आमच्याकडे लिंबाच्या दारूची बरणी उघडली. मोहाच्या दारूत लिंबाच्या साली आणि गूळ घालून मुरवलेली, पोटदुखीवरची.

"अवो, गाळाले कापूस आना जी," बायको म्हणाली.

घरात कापूस कुठला! यंदा विलायतेच्या गिरण्यांकडून कापसाला असा भाव आलाय, की आम्ही गाद्याउशासुद्धा उसवून विकल्या. शेजारी गेलो. शेजारीण म्हणाली, "भाऊ, आमच्या घरी बी बोळाभर नाही राहिला."

शेवटी जुन्या लुगड्यातून गाळली. गढूळच उतरली. दारावरून मात्र अकोल्याच्या ठेसनाकडे कापसाच्या गाड्या चालल्याच होत्या.

संध्याकाळी बायकोनं त्याच लुगड्याची चिंधी वळून देवापुढे वात लावली. देवघरात दारूचा वास पसरला. खरं सांगा मंडळी, तुमच्या देवापुढे आज वात कशाची आहे?