झिऱ्याला रकाना नव्हता

मुआयना म्हणजे पाहणी. निजामी गेली तरी आमच्या तहसिलीत तो शब्द राहिला होता आणि त्याची रीतही. मी तिथं कारकून होतो. तीर्थपुरीच्या रस्त्याला, एका गावाच्या माळावर नोकरदारांची वसाहत बांधायची होती. तिथं घरं झाली तर आसपासच्यांना काय उपद्रव होईल, हे पाहून कागद भरायचा होता. साहेब पाहणार, मी लिहिणार. घर मागणाऱ्यांच्या यादीत साहेबांचं नाव पहिल्या पानावर होतं, माझं दुसऱ्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या या.

आम्ही ऐन वैशाखात गेलो. पाटलानं लिंबाखाली खुर्च्या टाकल्या होत्या, आणि आमरसाचा बेत आहे हे येताक्षणीच सांगून टाकलं होतं. माळ खाली ओढ्याकडं उतरत गेला होता. ओढ्यापलीकडं वस्ती होती, गावाच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरू देत नसत त्यांची. कायद्यानं शिवाशिव संपली होती, पण तो कायदा विहिरीपर्यंत चालत आला नव्हता. उन्हाळ्यात ओढा आटला की त्या बाया ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा खणायच्या. त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी पाझरायचं, ते करवंटीनं घागरीत भरायचं, आणि पुन्हा पाझरेपर्यंत बसून राहायचं. साहेबांच्या हातातल्या नकाशावर वसाहतीच्या संडासांची आणि मोऱ्यांची नाली नेमकी त्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला ओढ्यात सोडली होती.

खरं तर खाली उतरून बघायला हवं होतं. पण वस्तीच्या अंगाला गेलं की परत आल्यावर अंघोळ करावी लागणार, आणि पानं तर मांडून झालेली. तेव्हा आम्ही आणि साक्षीला बोलावलेले गावचे पंच, सगळे बांधावरच उभे राहिलो. उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं? खाली बाया वाकलेल्या दिसत होत्या. साहेबांनी विचारलं, त्या काय करताहेत. पाटील म्हणाला, वाळू उकरून राह्यल्यात.

कागदावर रकाना होता, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी. मी थांबलो.

"विहीर हाय का तिकडं? बिलकुल न्हाई," पाटील म्हणाला. "मंग लिवा, न्हाई."

मी लिहिलं. आणि ते खोटं नव्हतं, याचीच मला आजही शिसारी येते. विहीर खरोखरच नव्हती. असती तर झिरा कशाला खणला असता?

जेवणं उरकली तेव्हा खालून एक बाई वर आली. उतारवयाची होती, हात कोपरापर्यंत वाळूनं भरलेले. बांधापासून लांबच उभी राहिली. साहेब हात धूत होते, म्हणून कागद ज्याच्या हातात होता त्याच्याशी, म्हणजे माझ्याशी बोलली.

"सायेब, आमी हितलंच पानी पिऊन राह्यलो. वरून घाण आली तर मंग आमी काय प्यायचं? तेवढं लिवा."

मी तिला समजावलं, की कागदावर झिऱ्याला रकाना नाही, खाना नाही. विहिरीला आहे, तळ्याला आहे.

"मंग एक खाना वाढवा की," ती म्हणाली.

खाना वाढवायची गरजच नव्हती. कागदाच्या तळाशी चार बोटं कोरी जागा होती, शेऱ्यासाठी. ती मला दिसत होती आणि तिला वाचता येत नव्हतं. मी म्हणालो, बघतो. आमरसाचा वास अजून माझ्या बोटांना होता. ती खाली गेल्यावर मी त्या चार बोटांत वळणदार अक्षरात लिहिलं, 'कोणासही उपद्रव नाही.' साहेबांनी न वाचता सही ठोकली, पंचांनी अंगठे उठवले. अळीमिळी गुपचिळी.

घरं झाली. मलाही मिळालं, दोन खोल्या आणि मागं परसू. वसाहतीची स्वतःची विहीर होती, गोड पाण्याची. पहिल्याच उन्हाळ्यात ओढ्यातली वाळू काळी पडली. वारा तिकडून आला की आमचे शेजारी नाकाला रुमाल लावून म्हणायचे, या लोकांना स्वच्छता म्हणून ठाऊकच नाही. मी ऐकून घ्यायचो. ती घाण आपलीच आहे, एवढं म्हणायलाही माझी जीभ उचलली नाही. थू आहे माझ्या शिक्षणावर.

एका दुपारी परसदारी कुणी तरी पाणी मागितलं. आवाज मी ओळखला. दार अर्धं लोटलेलं होतं, फटीतून दिसत होतं. बायकोनं कळशी उंच धरून वरून धार सोडली, शिंतोडा उडू नये म्हणून स्वतः मागं सरून. ती बाई खाली उकिडवी बसून ओंजळीनं प्याली. बराच वेळ प्याली. मग बायकोला म्हणाली, लेकरं सुखी ऱ्हाऊ द्या तुमची.

बायको आत आली, कळशी राखेनं घासायला बसली. मी विचारलं, "कोण होतं?"