न्हावरे ते सिसिली, व्हाया संशय

किस्से गोळा करायला निघालं की एकही सापडत नाही. पण घरची माणसं संशयी असली की ते आपोआप साचतात! मी दोन वर्षं सिसिलीत डेअरी टेक्नॉलॉजी शिकले. परत येताना बॅगेत डिग्री एक आणि किस्से पन्नास.

* * *

जायचं ठरलं तेव्हा आजोबांनी, म्हणजे आमच्या आबांनी, मोबाईलवर नकाशा मागितला. बराच वेळ इटलीकडे बघत राहिले.

"ह्यो देश बुटासारखा दिसतोय."

"हो आबा, सगळे तसंच म्हणतात."

"आन् तू चाललीस ते कुठंय?"

मी बुटाच्या टोकासमोरचं बेट दाखवलं. आबांनी चष्मा काढला.

"म्हंजी लाथ बसती तिथं!"

* * *

दौंडच्या मावशीला वाटायचं, मी गेलेच नाही; कुणाशीतरी लग्न करून इथंच कुठंतरी लपलेय! एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मागं नुसती भिंतच दिसतीय. भिंत काय हडपसरलाबी असती."

मी खिडकी उघडली. समोर निळाशार समुद्र. लांबून एक बोट चाललेली. मावशीने फोन डोळ्यांजवळ नेला.

"खोटं बोलू नको! हे उजनी धरणाचं पाणी हाय. भिगवणात हायेस ना तू?"

* * *

तिकडची घरमालकीण, रोझाबाई, सत्तरीची. माझं दार वाजलं की तिचं दार किलकिलं व्हायचं. पहिल्यांदा मी हिंग टाकून आमटी केली तेव्हा बाई "गॅस! गॅस!" ओरडत आली, मेन कॉक बंद केला आणि मला दंडाला धरून रस्त्यावर आणलं!

गॅसवाला आला. मशीन घेऊन घरभर फिरला. शेवटी त्याने ते मशीन माझ्या आमटीवर धरलं. मशीन गप्प!

तो म्हणाला, "गॅस नाही. पण हे काय आहे, ते मशीनला माहीत नाही."

पुढे महिनाभर रोझाबाई रोज येऊन पातेल्याचं झाकण उघडून बघायची. नंतर चमचा घेऊन यायला लागली.

* * *

मीही काही कमी नव्हते हं! लायब्ररीत तिकडची पोरं जागा धरायला टेबलावर चक्क लॅपटॉप ठेवून कॉफीला जायची. माझा धीर होईना. मी आपला रुमाल ठेवला, शिरूर स्टँडवर एसटीत टाकतो तसा.

परत आले तर जागेवर दुसराच मुलगा, आणि रुमाल 'सापडलेल्या वस्तूं'मध्ये जमा!

* * *

तिकडच्या एका मैत्रिणीच्या गावी ऑलिव्ह उतरवायला गेले होते. चौकात खुर्च्या टाकून म्हातारे बसलेले. त्यातल्या एकाने डोळे बारीक करून मला काहीतरी विचारलं.

मैत्रीण म्हणाली, "ते विचारतायत, तू कुणाची?"

आमच्या गावी, न्हावऱ्यात, हाच प्रश्न चुकवायला मी वाट वाकडी करून जायचे. तिथे मात्र त्याच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिले.

"आप्पांची," मी म्हणाले. वडलांना आम्ही आप्पा म्हणतो.

म्हाताऱ्याने गंभीरपणे मान हलवली. "ओळखतो."

* * *

दुसऱ्या वर्षी माझी परीक्षा चालू होती. घरी फोन केला की आबा नाहीत. "कुठं आहेत?" "रानात." दुसऱ्या दिवशी, "रानात." चौथ्या दिवशीही रानातच! माझा एकही फोन न चुकवणारा माणूस. आई घाईने फोन ठेवायची. माझं अभ्यासात लक्ष लागेना.

पाचव्या दिवशी आप्पांना म्हणाले, "आबांना आत्ता दाखवा. नाहीतर परीक्षा सोडून विमानात बसते."

आप्पांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने व्हिडिओ कॉल आला. आबा! डोक्यावर टोपी होती, पण दाढी वाढलेली, मागे पांढरी उशी.

"आबा, कुठं आहात?"

"रानात."

आणि लगेच तेच म्हणाले, "पेपर कसा गेला ते सांग आधी."

मी बघतच राहिले. त्यांच्या डोक्यावर सलाईनची बाटली लटकत होती, नळी खाली हातापर्यंत आलेली.

"आबा, ते मागं काय लटकतंय?"

आबांनी सावकाश मान वर करून बाटलीकडे बघितलं.

"ठिबक बसवलंय, पोरी."